नवशिक्यांची रबर-विमान स्पर्धा हॉलमध्ये घ्यायची आहे? नियमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे विचारणा सुरू होते. मैदाने चिखलात, मुले घरात, आणि चातुर्मासामुळे मंगल कार्यालये रिकामी. मग कोथरूडमधल्या एखाद्या शाळेच्या बाई, हडपसरच्या एखाद्या सोसायटीचे काका किंवा नुकतेच निवृत्त झालेले एखादे इंजिनिअर विचारतात, "रबरावर उडणाऱ्या विमानांची स्पर्धा घ्यायची आहे, नियम काय ठेवू?" विचारणारे दर वर्षी नवे, प्रश्न बहुतेक तेच. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे आमच्या अनुभवातली आहेत आणि सगळ्यांमागे कसोटी एकच आहे: जो नियम टेबलापाशी अर्ध्या मिनिटात तपासता येत नाही, तो लिहायचा नाही.

१. ही स्पर्धा म्हणजे नक्की काय? रिमोट कुणाच्या हातात असतो?

कुणाच्याच नाही. कामटीसारख्या बारीक दांडीवर पातळ कागदाचे पंख, पुढे प्रोपेलर आणि दांडीखाली रबराचा वेटोळा, एवढेच विमान. रबराला पीळ द्यायचा आणि विमान हलकेच सोडायचे. पीळ सुटेपर्यंत ते हॉलमध्ये गोल-गोल फिरत वर चढते आणि मग सावकाश उतरते. सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ मोजायचा. ज्याचा वेळ जास्त, तो पुढे. वेग, उंची, कसरती यांना गुण नाहीत.

कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो याने १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत असेच रबराचे विमान ११ सेकंद उडवून दाखवले. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलेले उडते खेळणेही पेनोच्याच धर्तीचे, रबरावर चालणारे होते. तुमच्या शाळेतली पाचवीची मुलगी पहिल्याच दिवशी पेनोच्या ११ सेकंदांच्या पुढे जाते, हे तिला जरूर सांगा.

२. एवढे नियम कशाला? ज्याचे विमान जास्त वेळ उडेल तो जिंकला, विषय संपला.

एकदा असे करून पाहा. पहिल्या वर्षी मजा येईल. दुसऱ्या वर्षी कुणाचे तरी मामा परदेशातून दोन ग्रॅमचे विमान आणतील, ते इतरांच्या तिप्पट वेळ उडेल आणि तिसऱ्या वर्षी नोंदणीच येणार नाही. नियम हवेत ते पैसा आणि ओळखी यांचा फायदा कमी करायला. बाकी सगळे मुलांवर सोडा.

आम्हीही पूर्वी उलटी चूक केली आहे. आमचे पहिले नियमपत्रक चार पानांचे होते. त्यात "विमान सुबक असावे" असेही एक कलम होते आणि सुबक कशाला म्हणायचे यावर दोन परीक्षकांचे जे वाजले, ते शेवटी चहाने मिटवावे लागले. पत्रक पुणेरी पाटीएवढेच असावे: कमी शब्द, अर्थाला फाटे नाहीत.

३. मग त्या पाटीवर काय लिहायचे?

आम्ही नवशिक्यांसाठी हे लिहितो:

"पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत जास्तीत जास्त ४६ सें.मी. रबराशिवाय विमानाचे वजन कमीत कमी ६ ग्रॅम. रबर तेलासह जास्तीत जास्त २ ग्रॅम. प्रोपेलर एकच, व्यास जास्तीत जास्त १५ सें.मी. विमान स्पर्धकाने स्वतः बनवलेले. पाच उड्डाणे, त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोनांची बेरीज."

झाले. यातल्या पहिल्या चार गोष्टी काटा आणि पट्टी यांनी तपासता येतात. "स्वतः बनवलेले" हे एकच कलम मोजता येत नाही, त्याची सोय प्रश्न १२ मध्ये. इतर अडचणी पत्रकात लिहू नका, परीक्षकांना तोंडी समजावून ठेवा.

४. आंतरराष्ट्रीय नियम तयार आहेतच, तेच का वापरू नयेत?

ते वाईट नाहीत, पण ते नवशिक्यांचे नाहीत. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ-वन-डी या सर्वांत वरच्या इनडोअर वर्गातली विमाने पंखांनी ५५ सें.मी. असूनही वजनाने दीड ग्रॅमच्या आत असतात. सराफाच्या भाषेत दहा-बारा गुंजा. उंच हॉलमध्ये अशी विमाने अर्ध्या तासाच्या आसपास तरंगली आहेत. ती हातात धरायलाच वर्षभराचा सराव लागतो, पाचवी-सहावीतल्या मुलाने जोरात श्वास सोडला तरी पंख वाकतो.

त्याच महासंघाचा एफ-वन-एम हा वर्ग थोडा सोपा आहे: पंख ४६ सें.मी., वजन कमीत कमी ३ ग्रॅम, रबर जास्तीत जास्त दीड ग्रॅम. आमचे ४६ सें.मी. तिथूनच घेतले आहेत. मुलगा पुढे त्या वर्गात गेला तर पंखांचा आराखडा तोच राहतो, हात फक्त हलका करावा लागतो. अमेरिकेतला 'पेनीप्लेन' वर्गही जवळपास याच मापाचा: पंख १८ इंच आणि वजन जुन्या तांब्याच्या पेनीएवढे, म्हणजे ३.१ ग्रॅम. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच्या मुलांसाठी वेगळा वर्ग काढायचा असेल तर हे वजन ठेवा.

५. कमीत कमी वजन ६ ग्रॅमच का? कुणी हलके बनवले तर त्याचे कौतुकच करायला नको का?

कौतुक करा, पण नवशिक्यांच्या वर्गात नको. उडत राहायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडव्या घाताने वाढते. म्हणजे पंख तेच ठेवून रबरासह ८ ग्रॅमचे विमान ५ ग्रॅमवर आणले तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. तेच रबर मग जवळजवळ दुप्पट वेळ पुरू शकते. एवढा मोठा फायदा केवळ महागड्या, निवडून आणलेल्या बाल्साने (अतिशय हलक्या लाकडाने) मिळत असेल तर बाकीची मुले पंखांचा कोन, वजनाचा मध्य, पिळाची जाण या गोष्टी शिकणारच नाहीत. सगळे जण बाल्साच्याच मागे लागतील.

६ ग्रॅम हे वजन साध्या बाल्साने, तयार प्लॅस्टिक प्रोपेलरने आणि थोड्या जास्त लागलेल्या फेव्हिकॉलनेही गाठता येते. विमान ५.६ ग्रॅम भरले तर ते बाद करू नका. मळायच्या मातीची (क्लेची) गोळी वजनाच्या मध्याजवळ चिकटवायला सांगा आणि पुन्हा तोला. वरची मर्यादा ठेवायची गरज नाही. जड विमानाला शिक्षा हवेतच होते.

६. आमच्याकडे एवढा बारीक काटा नाही. रुपयाच्या नाण्याशी तोलले तर?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि तो आवडता आहे. सध्या चालणारे २०१९ च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे ३.०९ ग्रॅमचे आहे, म्हणजे जुन्या अमेरिकी पेनीशी जवळपास बरोबर. दोन रुपये पारड्यात टाकले की ६.१८ ग्रॅम. झाला आपला नवशिक्यांचा तराजू! पण २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे. तो खिशातून निघाला तर दोन नाण्यांमागे १.४ ग्रॅमचा फरक पडतो, आणि तुमच्या स्पर्धेत भांडण ठरलेले.

म्हणून नियम ग्रॅममध्येच लिहा. नाणी घरच्या सरावाला ठीक: पट्टीच्या मधोमध पेन्सिल, एका टोकाला विमान, दुसऱ्या टोकाला २० मि.मी. व्यासाचे दोन नवे रुपये. स्पर्धेच्या दिवशी मात्र ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा आणा, तो महाग नसतो. काट्यावर काचेचा किंवा प्लॅस्टिकचा डबा उपडा ठेवा, नाहीतर दार उघडले की आकडा नाचतो. मुलाच्या घरचा काटा आणि तुमचा काटा यांत ०.०५ ग्रॅमचा फरक असेल तर तो मुलाच्या बाजूने सोडून द्या.

७. पीळ किती द्यायचा यावर मर्यादा का नाही? "फक्त ३०० वेढे" असा नियम सोपा नाही का?

लिहायला सोपा, तपासायला अशक्य. तीस मुलांचे वेढे कोण मोजणार? मुलाने मोजताना तीनशेचे तीनशे वीस केले तर ते खोटे की घाई? अशा नियमाने प्रामाणिक मूलच मागे पडते.

रबरात किती ऊर्जा साठते ते रबराच्या वजनावर ठरते. वजनाला २ ग्रॅमची मर्यादा घातली की ऊर्जेला आपोआप मर्यादा पडते, मग पीळ कितीही द्या. जास्त दिला तर रबर तुटेल, कमी दिला तर विमान लवकर उतरेल. हा निर्णय मुलाचा. सराव होईपर्यंत तुटण्याच्या पिळाच्या ऐंशी टक्क्यांपुढे जाऊ नये, असे आम्ही सांगतो. ते सांगणे आहे, नियम नव्हे. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर वेढे दुप्पट बसतात. लांबी तीच ठेवून रबर दुप्पट जाड केले तर वेढे साधारण सत्तर टक्क्यांवर येतात. हे मुलांना फळ्यावर लिहून द्या, मापे त्यांची ती शोधतील.

सुरक्षेचा एक नियम मात्र पाळायलाच लावा: पीळ देताना चष्मा किंवा गॉगल. ताणलेले रबर तुटले की थेट डोळ्याकडे येते.

८. रबर कुठले वापरू द्यायचे? साधे रबरबँड चालतील?

सरावाला चालतात, एकात एक ओवून. स्पर्धेला मात्र सगळ्यांना आयोजकांनीच एका गुंडाळीतले रबर द्यावे. एका कारखान्याचे रबर दुसऱ्यापेक्षा बरेच सरस निघू शकते आणि ते पट्टीने किंवा काट्याने पकडता येत नाही. जे पकडता येत नाही ते सगळ्यांना सारखेच द्यायचे.

साधारण ३ मि.मी. रुंद आणि १ मि.मी. जाड पट्टीचा ६० सें.मी.चा तुकडा, गाठ मारून ३० सें.मी.चा वेटोळा केला की तो २ ग्रॅमच्या थोडा आत बसतो. प्रत्येकाला असे दोन तुकडे द्या, कारण पहिला तुटतोच. शिवणकामाचे इलॅस्टिक मात्र कुणी आणू देऊ नका, त्याच्या दोऱ्यात ताकद निघून जाते. सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या तर त्याहून जड.

९. रबराला तेल लावायचे का? कुठले?

लावा. पीळ बसताना रबर रबरावर घासते. तेल असले तर घर्षण कमी होते आणि पीळ सारखा बसतो. सिलिकॉन तेल सर्वांत चांगले, पण एरंडेलाने काम भागते. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल लावू नका, रबर फुगते आणि कमजोर पडते. तेलाचे वजन रबराच्या २ ग्रॅममध्ये धरायचे, म्हणून तोलायचे ते तेल लावल्यावर. एरंडेल लावलेल्या हाताने पंखाला हात लावणारे एक मूल दर वर्षी असतेच. टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवा.

१०. हॉल कसला हवा? आमच्या सोसायटीचे क्लबहाउस चालेल का?

चालेल. नवशिक्यांना उंचीपेक्षा रुंदी हवी. ही विमाने आठ-दहा मीटरच्या वर्तुळात फिरतात, तेवढी मोकळी जागा असली की ५ मीटर उंचीचा हॉलही पुरतो. आंतरराष्ट्रीय नियमांत छताच्या उंचीनुसार हॉलचे चार वर्ग केले आहेत: ८ मीटरपर्यंत, ८ ते १५, १५ ते ३० आणि त्याहून उंच. आपले बहुतेक हॉल पहिल्याच वर्गात बसतात. तुमच्या हॉलमधला विक्रम बालेवाडीच्या क्रीडा संकुलातल्या उंच हॉलमधल्या विक्रमाशी ताडून पाहू नका. विक्रमांची वही प्रत्येक हॉलची वेगळी ठेवा.

उंचीपेक्षा जास्त त्रास देतात ते छताचे पंखे, झुंबरे आणि एसी. पंखे आणि एसी स्पर्धेच्या अर्धा तास आधी बंद करा. गरम होईल, पण हवा स्थिर राहील. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये नेट काढा. चातुर्मासात कार्यालय स्वस्तात मिळते, पण श्रावणात मंगळागौरीची आणि गणपतीच्या दिवसांत मंडळांच्या कार्यक्रमांची बुकिंग असतात, म्हणून आषाढातली तारीख धरा. पावसाळी दमट हवेत पंखांचा कागद सैल पडतो आणि विमानाचे वजनही थोडे वाढते. त्याने सगळ्यांचे सारखेच नुकसान होते, म्हणून त्यासाठी नियम नको.

११. "नवशिका" कोण? वयाची अट घालायची का?

वयाने नाही, अनुभवाने ठरवा. आमच्याकडे नियम असा: ज्याने याआधी कुठल्याही रबर-विमान स्पर्धेत पहिल्या तिनांत क्रमांक मिळवलेला नाही आणि तीनपेक्षा जास्त स्पर्धांत भाग घेतलेला नाही, तो नवशिका. बहात्तर वर्षांचे आजोबाही यात बसतात आणि बसावेत. नातवंडाच्या शेजारी उभे राहून "माझे विमान डावीकडे का वळत नाही रे?" असे विचारणारा आजोबा हा स्पर्धेतला सर्वांत चांगला देखावा असतो.

एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलांबद्दल नेहमी विचारतात. तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात आणि वायु सैनिक कॅम्पमध्ये त्याच्या स्पर्धाही होतात. पण तिथे कंट्रोल लाइन (तारेला बांधून फिरवायची) किंवा रिमोटची विमाने उडवली असतील तर रबरासाठी ते नवशिकेच. मुलाला सरळ विचारा, "रबर-विमानाची स्पर्धा किती वेळा?" उत्तरावर विश्वास ठेवा.

१२. विमान खरे तर बाबांनीच बनवले आहे, हे उघड दिसते. काय करायचे?

या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न हाच. शाळेचा प्रकल्प रात्री अकराला बाबा करतात, हे पुण्यातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असते. विमानाचे वेगळे काय होणार?

चौकशी करून उपयोग नाही. मुलाला सगळ्यांसमोर "तूच बनवलेस का?" विचारले तर प्रामाणिक मूल रडवेले होते आणि बाबा भांडायला उभे राहतात. आम्ही दोन वाटा वापरल्या आहेत. पहिली: विमाने हॉलमध्येच बनवायची. सकाळी नऊला सारखे साहित्य आणि एक नकाशा द्यायचा, बारापर्यंत बांधणी, जेवण, दोनला उड्डाणे. पालक गॅलरीत किंवा बाहेर. ही वाट सर्वांत स्वच्छ, पण गोंद वाळायला वेळ लागतो आणि तीस मुलांमागे पाच-सहा मदतनीस लागतात.

दुसरी वाट: विमान घरून आणू द्यायचे, पण स्पर्धेत विमानाला हात फक्त स्पर्धकाचा. पीळ त्याने द्यायचा, पंख त्याने बसवायचा, धडपडून शेपूट मोडली तर ती त्यानेच चिकटवायची. बाबांनी घरी बनवलेले सुंदर विमान तिसऱ्या उड्डाणाला भिंतीवर आपटले की मूल एकटे पडते, आणि ज्याने स्वतः बनवले ते मूल पाच मिनिटांत दुरुस्त करून परत रांगेत येते. चौकशी न करताच निकाल लागतो. छोट्या शाळांना आम्ही हीच वाट सुचवतो.

१३. बाल्साच हवा का? आमच्या गावाकडच्या मुलांना तो मिळत नाही.

नियमात साहित्याचे बंधन घालू नका, एक अपवाद सोडून: कार्बन फायबरच्या सळया नकोत. त्या हलक्या, ताठ आणि महाग असतात, आणि सहज दिसतात, म्हणजे आमच्या कसोटीला उतरतात. बाकी बुरूड आळीतल्या बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, चिकटवायला खळ यांवरही विमान उडते. थर्माकोलच्या पातळ चकत्या हलक्या असतात, पण त्या काटकोनात कापायला सराईत हात लागतो. बाशिंगासाठी वापरतात त्या भेंडाचे पंखही एका मुलाने करून आणले होते. तोलले तर वजन छान भरले, पण पहिल्याच टेकण्याला एक टोक तुटले.

१४. प्रोपेलर विकतचाच हवा का? मुलीने दह्याच्या डब्यापासून बनवला आहे.

तिला दोन मिनिटे जास्त बोलू द्या, बाकीच्या मुलांना ऐकवा. गोल प्लॅस्टिक डब्याच्या भिंतीवर पाते थोडे तिरके आखून कापले की त्याला हवा तसा पीळ आपोआप मिळतो. ही जुनी आणि चांगली युक्ती आहे, श्रीखंडाचा डबाही चालतो. १५ सें.मी. व्यासाची मर्यादा पाळली की झाले. पात्याचा कोन उड्डाणात आपोआप बदलणारे प्रोपेलर मात्र या वर्गात नकोत, ते तपासत बसायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागते.

१५. वेळ कशी मोजायची? मोबाइल चालेल?

मोबाइलचे स्टॉपवॉच चालते. एका विमानाला दोन वेळ घेणारे हवेत आणि ते स्पर्धकाचे नातेवाईक नसावेत. दोघांच्या वेळांची सरासरी काढा आणि पुढचे अपूर्णांक सोडून द्या: ४१.८ म्हणजे ४१. बोटाची चूकच दोन-तीन दशांश सेकंदांची असते, तिथे शंभराव्या भागावर बक्षीस ठरवणे हास्यास्पद. दोघांत दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला तर एकाने चुकीचे विमान पाहिले असे समजा आणि मुलाला हवे तर पुन्हा उडवू द्या.

वेळ सुरू होते विमान हातातून सुटल्यावर, संपते जमिनीला टेकल्यावर. खुर्चीवर, खिडकीच्या कठड्यावर किंवा छताला अडकले तर प्रश्न १७ पाहा.

१६. किती उड्डाणे द्यायची? एकच दिले तर लवकर आटोपेल.

एकच दिले तर स्पर्धा दैवाची होते. पाच द्या, त्यांतल्या दोन चांगल्यांची बेरीज धरा. पहिल्या उड्डाणात मूल घाबरलेले असते, दुसऱ्यात पीळ जास्त देते, तिसऱ्यात रबर तुटते. चौथ्या-पाचव्यात तुम्हाला खरे विमान दिसते. तीसच्या वर मुले असतील तर चार द्या, पण तीनच्या खाली नको. बेरीज समान आली तर तिसरे चांगले उड्डाण पाहा, तेही समान असेल तर दोघांना बक्षीस वाटून द्या.

१० सेकंदांच्या आतले उड्डाण मोजू नका, ती चाचणी समजा. पण अशी सूट प्रत्येकाला दोनदाच. नाहीतर एक मूल सकाळभर चाचण्याच देत राहते.

१७. विमान छतावर अडकले, तर?

घड्याळ थांबवू नका. मनात दहा मोजा. तेवढ्यात सुटून पुढे उडाले तर वेळ चालू. नाही सुटले तर वेळ घ्यायची ती अडकलेल्या क्षणापर्यंतची, म्हणजे ते दहा सेकंद वजा. दोरी, झुंबर, पंख्याचे पाते, भिंतीवरचा फोटो, सगळ्यांना हाच नियम.

काढायला लांब बांबूच्या टोकाला फुगा बांधून ठेवा, विमानाला इजा होत नाही. चप्पल किंवा चेंडू फेकून विमान पाडायचे नाही. हे पुण्यात लिहावे लागते, म्हणून लिहिले.

१८. दोन विमाने हवेत एकमेकांना धडकली. चूक कुणाची?

कुणाचीच नाही, कारण कुणाच्याही हातात काही नसते. दोन्ही मुलांना विचारा: आत्ताचा वेळ ठेवायचा की पुन्हा उडवायचे? निर्णय विमान उतरल्यावर एका मिनिटात आणि वेळ ऐकायच्या आधी सांगायचा. वेळ ऐकून ठरवू दिले तर ती सूट होते. धडक टाळायची असेल तर छोट्या हॉलमध्ये एका वेळी दोनच विमाने सोडा.

१९. टेबलावर पंख ४६ सें.मी. भरतो, पण टोके वर वळवली आहेत. सरळ केला तर ४८. पास की नापास?

पास. पंख जसा उडतो तसाच मोजायचा, वरून पाहिल्यावर टोकापासून टोकापर्यंत. पुठ्ठ्यात ४६ सें.मी.ची खाच कापून साचा बनवा, विमान त्यात बसले तर पास, वाद संपला. वर वळलेल्या टोकांमुळे विमान स्थिर राहते. ती टोके सरळ करून मोजायला लावली तर मुले ती वळवणेच सोडून देतील आणि विमाने बाजूला कलंडून पडतील. एक-दोन मिलिमीटर सोडून द्या.

२०. दुसऱ्या उड्डाणानंतर पंख दुरुस्त केला, वजन बदलले. पुन्हा तोलायचे?

हो, आणि फक्त तेव्हाच. गोंद आणि कागदाने वजन वाढतेच, त्यामुळे बहुतेक वेळा अडचण येत नाही. मातीची गोळी पडून गेली असेल तर मात्र ते कमी भरते. पहिल्या तीन क्रमांकांची विमाने शेवटच्या उड्डाणानंतरही एकदा तोला, रबर काढून. तिथे कमी भरले तर त्याआधी शेवटचे तोलल्यानंतरची उड्डाणे बाद, त्यापूर्वीची ठेवा.

२१. उड्डाणात प्रोपेलर किंवा शेपूट गळून पडली, पण बाकी विमान उडत राहिले. वेळ धरायचा?

गळालेला तुकडा जमिनीला लागला त्या क्षणी वेळ थांबवा. हा नियम नसेल तर एखादा हुशार मुलगा पीळ संपल्यावर आपोआप गळून पडेल असे प्रोपेलर बनवतो. आमच्याकडे एकाने बनवलेच होते. त्याला बक्षीस नाही मिळाले, पण पुढच्या वर्षी आम्ही त्याला परीक्षक केले.

२२. जवळच लोहगाव विमानतळ आहे. ड्रोनसारखी परवानगी लागते का?

ड्रोन नियम, २०२१ दूरनियंत्रणाने किंवा आपोआप दिशा ठरवून उडणाऱ्या विमानांसाठी आहेत. आपले विमान दोन ग्रॅम रबरावर, बंद दारांच्या हॉलमध्ये, कुणाचेही न ऐकता फिरते. परवानगी लागते ती हॉलच्या मालकाची, आणि चहा नेण्यासाठी कार्यालयाच्या व्यवस्थापकाची.

२३. हॉलमध्ये कबुतरे आहेत. कबुतराने विमानाला धडक दिली तर?

पुण्यातल्या जुन्या हॉलमध्ये हे खरेच घडते, थट्टा समजू नका. प्रश्न १८ चाच नियम लावा: मुलाने वेळ ठेवायचा की पुन्हा उडवायचे ते वेळ ऐकायच्या आधी सांगायचे. कबुतर नुसते जवळून गेले आणि त्याच्या पंखांच्या वाऱ्याने विमान हेलकावले, तर पुन्हा उड्डाण नाही. नाहीतर दर उड्डाणाला कुणाला ना कुणाला कबुतर दिसते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी वरच्या खिडक्या बंद करून घ्या आणि आत राहिलेली कबुतरे दार उघडून बाहेर काढा. सकाळी केले तर तासभर मोडतो.